दारूचा हिशोब

गेल्या महिन्यात नागपूरच्या मामीचा फोन आला होता. मी बाहेर होतो, बायकोने घेतला. "काय म्हणतोय आमचा भाचा?" या प्रश्नाला तिने अगदी सहज उत्तर दिलं, "अहो मामी, पूर्वी रात्री अकरा-अकरापर्यंत बेसमेंटमध्ये दारू मोजत बसायचे. आता जरा कमी झालंय."

बस्स! दोन दिवसांत ठाण्याच्या ताईचा फोन. "अरे, काही टेन्शन आहे का तुला?" मग चुलतभावाचा, तो तर थेट व्यसनमुक्ती केंद्राची माहिती घेऊन बसला होता. तेव्हा नातेवाईक मंडळींसाठी आधी जाहीर खुलासा: ही दारू बंदुकीची. प्यायची नव्हे. (प्यायची मी मोजत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे. ते सोडा.)

नेहमीच्या वाचकांना माझा हा नाद ठाऊक आहे. इथे ओहायोत बरेच लोक नेमबाजीसाठी लागणारी काडतुसं घरीच भरतात. वापरलेली पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. ती साफ करायची, साच्यातून काढून परत मापात आणायची, बुडाशी नवीन प्रायमर बसवायचा, आत दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. झालं काडतूस. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे हा उद्योग घरी करायचा प्रश्नच येत नाही. इथे मात्र तो भरतकाम-विणकामासारखा छंद आहे. म्हातारे लोक निवृत्त झाले की बेसमेंटमध्ये एक टेबल, त्यावर एक प्रेस आणि एक तराजू मांडून बसतात.

आज लिहायचं आहे ते त्या तराजूबद्दल. आमच्या क्लबातल्या एका मित्राने नुकताच हजार डॉलरच्या वरचा काटा घेतलाय. तो ०.०२ ग्रेनपर्यंत दाखवतो. मित्र इतका खूश आहे की घरी नवीन बाळ आल्यासारखे फोटो पाठवतोय. मला विचारतो, "तुझ्याकडेही होता ना असा? मग विकलास कशाला?"

त्याला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे.

आधी ग्रेन म्हणजे काय ते. पौंडाचा सात हजारावा भाग. हे परकं वाटत असेल तर आपल्या सोनाराकडे चला. इंग्रजांनी तोळा बांधून दिला तो १८० ग्रेनचा. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. सोनाराच्या काट्यावरची ती लाल-काळी गुंज, एका गुंजेचे पावणेदोनहून थोडे जास्त ग्रेन. आणि मित्राचा काटा ०.०२ ग्रेन दाखवतो, म्हणजे गुंजेचा नव्वदावा भाग! रायफलच्या दारूचा जवळजवळ एकच कण. पूर्वी मीही हे करत होतो. चिमट्याने एक कण उचलायचा, पेल्यात टाकायचा, आकडा बघायचा, जास्त झाला तर तोच कण परत काढायचा. पन्नास काडतुसांना दोन संध्याकाळी.

माझं म्हणणं असं की यातला बराचसा वेळ म्हणजे पूजा आहे. मोजमाप नाही.

हे मी नुसतं तोंडाने म्हणत नाही, हिशोब मांडतो. (गणित नको असणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. ताई, तू गाळच.)

माझी रायफल ६.५ क्रीडमूर. पुंगळीत चाळीस-बेचाळीस ग्रेन दारू, गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २७०० फूट. दारू दशांश ग्रेनने वाढली तर वेग अंदाजे साडेपाच फुटांनी वाढतो. आता साधं, काही शे डॉलरचं दारू मोजायचं यंत्र दशांश ग्रेन इकडे किंवा तिकडे चुकतं. त्या मर्यादेतली कुठलीही चूक सारखीच शक्य धरली तर तिच्यामुळे वेगात येणारं प्रमाण विचलन, ज्याला इथे सगळे एसडी म्हणतात, ते तीनेक फूट. समजा माझ्या काडतुसांचं एकूण एसडी १० फूट आहे. चुका एकमेकींत सरळ बेरजेने मिळत नाहीत, त्यांचे वर्ग मिळतात. दहाचा वर्ग शंभर, तिनाचा नऊ. आता देवाघरचा काटा आणा, त्याची चूक शून्य धरा. उरले ९१. वर्गमूळ साडेनऊ. हजार डॉलर आणि दोन संध्याकाळी खर्चून १० चे झाले साडेनऊ! हजार यार्डांवर याने गोळ्यांच्या वर-खाली पसरण्यात पाव इंचाचाही फरक पडत नाही.

मग बाकीचे साडेनऊ येतात कुठून? पुंगळीच्या भिंतीची जाडी कमी-जास्त असते, म्हणजे आतली जागा कमी-जास्त. पुंगळीचा गळा गोळीला किती घट्ट धरतो ते प्रत्येक वापरानंतर बदलतं, कारण पितळ ठोकून-दाबून कडक होत जातं. प्रायमर सगळे सारखे पेटत नाहीत. तापलेल्या नळीत काडतूस अर्धं मिनिट पडून राहिलं तर दारू तापते आणि वेग बदलतो. यातलं एकही काट्यावर दिसत नाही. काट्यावर दिसतो आकडा, आणि आम्हा इंजिनिअर मंडळींना आकडा दिसला की दुसरं काही दिसत नाही. जे मोजता येतं तेच महत्त्वाचं, अशी आमची ठाम समजूत. परीक्षेत मार्क मिळवून मोठे झालेलो आम्ही, करणार काय!

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला कळली तेव्हा मी चाटच पडलो होतो. शंभर-दोनशे यार्डांच्या बेंचरेस्ट स्पर्धा असतात, तिथे जगातले सगळ्यात लहान गट पडतात. पाच गोळ्या, पण भोक एकच आणि तेही जरा वाकडंतिकडं. ही मंडळी दारू काट्यावर तोलतच नाहीत, बहुतेक जण मापाने घालतात. मापाने! दांडा वर, दांडा खाली, की ठरावीक घनफळाची दारू पुंगळीत. आपली आजी मापट्याने तांदूळ घ्यायची तसंच. आजीने तांदळाचे दाणे मोजले नाहीत, म्हणून कधी भात बिघडला नाही. शंभर यार्डांवर सेकंदाला वीस फुटांचा फरक पडला तरी गोळी जेमतेम एक मिलिमीटर वर-खाली जाते. आमच्या क्लबची रेंज किती? शंभर यार्ड. आणि काटा ०.०२ ग्रेनचा.

हजार यार्डांवर वेग महत्त्वाचा होतो, हे मान्य. एफ-क्लास स्पर्धेत तिथे दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं, त्याच्या आतलं एक्सचं पाच इंचांचं. वेगात दहा फुटांचा फरक म्हणजे माझ्या रायफलला जवळजवळ तीन इंच वर-खाली. ज्यांनी पुंगळ्या निवडल्या, गळे मऊ केले, हजारो गोळ्या झाडल्या आणि आता फक्त हाच एक कण उरलाय, त्यांनी तो कण खुशाल तोलावा. त्यांना माझा दंडवत. पण त्यांचा शेवटचा उपाय आम्ही पहिला म्हणून उचलतो. रियाजाच्या नावाने शून्य आणि तंबोऱ्याच्या खुंट्या हस्तिदंती!

शिवाय वारा. एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात. मी तिथे एकदा हजार यार्डांवर हात धुऊन घेतले. सरोवरावरून येणारा वारा क्षणात पडतो, क्षणात उठतो. ताशी एक मैल वारा ओळखण्यात चुकलं की माझी गोळी सातेक इंच बाजूला. एक मैल! गालावर कळतही नाही इतका. माझे गुण गेले ते सगळे डावी-उजवीकडे. वर-खाली पसारा छान होता. परतताना तीन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये बायकोला मी त्या वर-खालीबद्दलच सांगत होतो. ती म्हणाली, "पण नंबर कितवा आला?"

आता दुसरं भांडण. हे लोक तोलतात एवढं, पण तपासतात किती? पाच गोळ्या झाडतात, वेग मोजायचं यंत्र सांगतं, एसडी ४. झालं. तो आकडा वर्षभर सगळ्यांना ऐकवायचा. अहो, पाच गोळ्यांवरून ४ आला तर खरा आकडा अडीचच्या आसपासपासून साडेअकरापर्यंत कुठेही असू शकतो. हे माझं मत नाही, संख्याशास्त्राच्या कुठल्याही कोष्टकात बघा. तीस गोळ्या झाडल्या तर जरा काहीतरी बोलता येतं. तीच गत तीन गोळ्यांच्या गटाची. दहा गोळ्यांचा गट सरासरीने तीनच्या गटापेक्षा दीडपटीहून मोठा पडतो, त्याच रायफलमधून, त्याच दारूने, त्याच माणसाच्या हातून. मग तीन-तीन गोळ्या झाडून, दारू थोडी-थोडी वाढवत नेऊन, "इथे रायफलला आवडतं" असा जो शोध लागतो, तो बहुतेक वेळा नुसता योगायोग असतो. २०२२ साली हॉर्नडी या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी आपल्या पॉडकास्टवर हे सांगितलं, तुमचे गट फार लहान आहेत म्हणून. किती जणांना राग आला! कागदावरचे तीन भोकांचे तुकडे पाकिटात जपून ठेवणारे लोक आहेत आमच्याकडे, घरच्यांचे फोटो ठेवावेत तसे.

कोणी म्हणेल, अरे पण ही दारू आहे, सुरक्षिततेसाठी तरी काटेकोर नको का? हवंच. पण कशात? पुस्तकात कमाल मर्यादा दिलेली असते, आणि कमी दारूपासून सुरू करून दाबाच्या खुणा बघत वर जा, असंही तिथेच लिहिलेलं असतं. ०.०२ ग्रेनने ज्याची रायफल धोक्यात येते, तो आधीच नको तिथे जाऊन उभा आहे. त्याला काटा वाचवणार नाही. उलट, लष्करी पुंगळी भिंतीने जाड असते, आत जागा कमी. साध्या पुंगळीची दारू तिच्यात तेवढीच घातली तर दाब वाढतो. काट्यावर आकडा मात्र अगदी बरोबर!

आता मुख्य गोष्ट. ती मी घरी कोणाला सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे. बाबांना अजिबात नाही.

२०१९ चा ऑक्टोबर. रायफलपुरतं तोलून मन भरेना म्हणून मी रिव्हॉल्व्हरची काडतुसंही त्या काट्यावर भरायला घेतली होती. .३८ स्पेशल. पुंगळी जुन्या काळातली, लांब, आणि आजची दारू लागते तीन-चार ग्रेन, म्हणजे पुंगळीच्या तळाशी चिमूटभर. पन्नास पुंगळ्या भोकांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या केलेल्या. एक तोलायची, ओतायची, पुढची. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. फोन वाजला. भारतात सकाळचे आठ, बाबांचा फोन. दिवाळीच्या फराळाचं पार्सल पाठवायचं होतं, चकल्या वाटेत मोडतात तर यंदा कडबोळी पाठवू का, हा विषय. चांगली वीस मिनिटं झाली. मी परत बसलो, तोललं, ओतलं, संपवलं. गोळ्या बसवल्या. डबीवर तारीख आणि वजन लिहिलं, दोन दशांश स्थळांपर्यंत.

शनिवारी रेंजवर गेलो. पहिली बारा काडतुसं व्यवस्थित उडाली. तेराव्याला "ठो" ऐवजी "फट्" असा बारका आवाज आला. हाताला धक्का नाही. मला वाटलं, प्रायमरच वाजला, बाकी काही नाही. आणि बोट पुढच्या झटक्यासाठी चापावर दाबायलाही लागलं होतं. शेजारच्या लेनमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, आयुष्यभर लेथवर काम केलेले. त्यांनी कानाला मफ असूनही तो आवाज ओळखला आणि "स्टॉप!" म्हणून असे ओरडले की माझ्या हातून रिव्हॉल्व्हर खालीच पडायचं बाकी होतं.

नळीत सळई घालून बघितलं. गोळी अडकलेली, तोंडापासून बोटभर आत. त्या पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन बसली होती. तिच्या पाठीवर मी दुसरी झाडली असती तर नळी फुगली असती किंवा फुटली असती. ती माझ्या तोंडापासून दोन फुटांवर होती.

बाबांचा फोन आला तेव्हा मी नेमका दोन पुंगळ्यांच्या मध्ये होतो. परत बसलो ते एक सोडून. नुसती नशिबाची बाब की एक सोडली. मागे येऊन भरलेलीतच परत ओतली असती तर? त्या लांब पुंगळीत दुप्पट दारू आरामात मावते, वरून काही कळत नाही. आणि तेव्हा "फट्" असा आवाज करून कोणी इशारा देत नाही.

उरलेली ३७ काडतुसं घरी आणली. नुसती तोलून रिकामं काडतूस सापडेल असं वाटलं होतं, पण पुंगळ्या आणि गोळ्या यांच्याच वजनात एवढा फरक असतो की तीन-चार ग्रेन त्यात हरवून जातात. शेवटी गोळ्या काढायचा हातोडा घेतला आणि एकेक फोडत बसलो. आतली दारू परत काट्यावर घातली. ३७ च्या ३७ बरोबर. दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर! एवढं शुद्ध काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. फक्त पन्नासातल्या एका पुंगळीत काही नव्हतं आणि ते कळायला काटा नको होता, नुसतं वाकून बघायला हवं होतं.

त्या रात्री मला बाबांची फार आठवण आली. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, तपासणीच्या कामावर. १८६९ पासूनचा तो कारखाना. १९९६ ला बाबा निवृत्त झाले. लहानपणी त्यांनी मला एक पोलादी तुकडा दाखवला होता, दोन टोकांचा. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. "किती आहे?" मी विचारलं होतं, म्हणजे मिलिमीटरमध्ये किती. बाबा म्हणाले, "ते विचारायचंच नाही. जातं की नाही, एवढंच बघायचं. आकडा आला की माणूस आकड्याशी बोलायला लागतो." तेव्हा मला वाटलं होतं, बाबांना दशांश अपूर्णांक येत नसावेत! इंजिनिअरिंगला गेल्यावर तर मी त्यांना मायक्रोमीटर कसा वाचतात ते शिकवायला निघालो होतो. ते शांतपणे ऐकून घेत होते.

काटा मी त्याच डिसेंबरात विकला. आता रायफलला साधं यंत्र, रिव्हॉल्व्हरला माप. जे वाचलं त्यातून पुंगळ्या एकाच जातीच्या घेतल्या आणि दोनशे गोळ्या जास्त झाडल्या. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. फोन वर स्वयंपाकघरात. आणि ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावायचं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठे उंच नाही, कुठे खोल नाही, कुठे काळोख नाही. दोन मिनिटं लागतात. याचा फोटो कोणी कोणाला पाठवत नाही.

मित्राचं म्हणणं, दोन्ही करता येतं की, काटाही आणि टॉर्चही. येतं. मीही तेच म्हणायचो. पण रात्री अकरा वाजता, दोन तास एकेका कणाच्या मागे लागून डोळे चुरचुरत असताना, टॉर्च घ्यायची राहते. माणसाचं लक्ष पौंडाने मिळत नाही, तेही गुंजांनीच मिळतं. मी माझं सगळं त्या काट्यावर ओतून ठेवलं होतं.

शनिवारी मित्राने बोलावलंय, नवीन काटा बघायला. जाणार आहे. घरून एक टॉर्च घेऊन जातो, त्याच्या बेसमेंटमध्ये उजेड फार कमी आहे.

बाबा हे वाचतीलच, ताई त्यांना वाचून दाखवते. तेव्हा बाबा, फोन करा. पण आपल्याकडे सकाळी आठला नको, दहानंतर करा.